वाचकांचे प्रश्न : संतापाला घातलेल्या अटी

लैंगिक अत्याचाराविषयी समाजात जे बोलले जाते आणि माध्यमांत जे लिहिले वा दाखवले जाते, त्यामुळे असा अत्याचार लोकांच्या अंगवळणी पडतो का, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : बलात्काराची बातमी आली की गावोगावी मोर्चे निघतात, बाजारपेठा बंद राहतात, आरोपीला भरचौकात फाशी द्या अशी मागणी होते. इतका संताप असलेल्या समाजावर ‘तुम्ही लैंगिक हिंसा सामान्य मानता’ असा आरोप करणे अन्यायाचे नाही का?
— निवृत्त बँक अधिकारी, सांगली

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत किंवा २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात जी माणसे रस्त्यावर उतरली, त्यांचा संताप खोटा होता असे मी कधीही म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की हा संताप सगळ्या स्त्रियांच्या वाट्याला सारखा येत नाही, कारण त्याला अटी असतात. अत्याचार करणारा अनोळखी असावा, जागा निर्जन असावी, मुलगी ‘चांगल्या घरची’ असावी, तिने जिवाच्या आकांताने प्रतिकार केलेला असावा आणि त्याच्या खुणा तिच्या अंगावर दिसाव्यात, अशा या अटी आहेत. त्या पूर्ण झाल्या तर समाज पेटून उठतो. त्यातली एखादी जरी अपुरी राहिली तरी लोकांचा आवाज खाली येतो, प्रश्न विचारणे सुरू होते आणि ते प्रश्न आरोपीला सोडून तिलाच विचारले जातात. लैंगिक हिंसा सामान्य होते ती अशी. तिचे उघड समर्थन कोणी करत नाही, पण तिच्यातल्या फार मोठ्या भागाला आपण ‘हा काही खरा बलात्कार नव्हे’ म्हणून मोजणीतून वगळतो.

हे किती खोलवर मुरलेले आहे ते पाहायचे असेल, तर महाराष्ट्रातलाच एक खटला पुन्हा वाचावा लागतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री, त्या वेळच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावले होते. वय चौदा ते सोळा, आईवडील हयात नाहीत, पोट मजुरीवर. तिचे एका तरुणाशी लग्न ठरत होते आणि तिला पळवून नेले जात आहे अशी तक्रार तिच्या भावाने केली होती. जबाब झाल्यावर सगळे निघत असताना एका शिपायाने तिला मागे थांबवले आणि बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले. मग ठाण्याचे दिवे मालवले गेले, दार लागले. बाहेर तिची माणसे तिला हाका मारत उभी होती आणि गर्दी वाढत होती. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यायलेल्या दुसऱ्याने तिच्याशी लगट केली, असे तिने बाहेर येऊन सांगितले.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. शरीरसंबंध झाला हे न्यायालयाने मान्य केले, पण मुलीला खोटारडी ठरवले; तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे, म्हणजे तिची संमती असणार, असा तो तर्क होता. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला आणि भीतीपोटी शरीर स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे असे स्पष्ट सांगून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिच्या प्रतिकाराची हकीकत खोटी, असे ते कारण होते. रात्रीचे पोलीस ठाणे, बंद दार, गणवेशातले दोन पुरुष आणि समोर एकटी मजूर मुलगी. एवढे सगळे नोंदीवर असताना देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला दिसली नाही ती फक्त जखम.

त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालातला संमतीचा अर्थ कसा चुकला आहे ते दाखवले. ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराचे स्वतंत्र कलम आले, तशा प्रकरणात ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने साक्षीत सांगितले तर ते गृहीत धरण्याची तरतूद झाली आणि पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरला.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या खटल्याचे अधिकृत नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे, म्हणजे ते आरोपीच्या नावावरून पडलेले आहे. तरीही पाठ्यपुस्तकांपासून भाषणांपर्यंत सगळीकडे तो ओळखला जातो त्या मुलीच्या नावाने. ज्या आंदोलनातून ओळख गुप्त ठेवण्याचा कायदा आला, त्याच आंदोलनाने तिचे नाव कायमचे लोकांच्या तोंडी बसवले. मी ते येथे लिहिलेले नाही.

‘हे सगळे जुने झाले’ असे आपण म्हणाल. स्त्री बदचालीची आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि ते २००२ च्या दुरुस्तीने गेले. म्हणजे ते सव्वाशेहून अधिक वर्षे टिकले. कौमार्याची तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाला अगदी २०२२ मध्ये बजावावे लागले. त्या चाचणीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर होते, ही महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी बाब आहे. आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य २०१३ साली, दिल्लीतल्या त्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, थेट व्याख्येतच घातले गेले. देसाईगंजच्या मुलीला हवे होते ते वाक्य कायद्यात यायला एकेचाळीस वर्षे लागली.

कायद्यात ते आले, पण लोकांच्या मनात उतरले का? फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या एसटी बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. दोनच दिवसांत राज्याच्या एका मंत्र्यांनी, झटापट किंवा प्रतिकार झाला नाही म्हणून आसपासच्या लोकांच्या लक्षात आले नाही, अशा आशयाचे विधान केले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला. तोवर समाजमाध्यमांवर ती ओरडली का नाही, ती बसमध्ये चढलीच कशाला, यांची चिरफाड सुरू झाली होती. १९७८ च्या निकालातला प्रश्न जसाच्या तसा, हजारो लोकांच्या तोंडून पुन्हा विचारला गेला. आणि त्यातले कित्येक जण एरवी फाशीची मागणी करणाऱ्या मोर्चात सर्वांत पुढे असतात.

अनोळखी नराधमाची जी प्रतिमा आपल्या मनात आहे, तिचाही हिशेब एकदा मांडायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते : नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घटनांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचे वचन दिलेला. हे सगळे पुरुष आपल्या संतापाच्या पहिल्याच अटीत बसत नाहीत. नवरा तर गुन्ह्याच्या व्याख्येतच बसत नाही. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती हा बलात्कार नाही, हा अपवाद वर्मा समितीने रद्द करायला सांगितला होता आणि तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सात कारणे वाचून दाखवून, यांतल्या कोणत्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे विचारले होते. शरीरसंबंधाला नकार हे त्यांतले एक कारण होते. किमान एका कारणासाठी मारणे योग्य आहे असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रियांचा आकडा किंचित जास्त आहे, हे मला त्यातले सर्वांत दुःखद वाटते.

संतापाच्या अटींचा परिणाम काय होतो ते शक्ती मिलच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईतल्या या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, शहर हादरले, आरोपी पकडले गेले. त्यानंतर आणखी एक मुलगी पुढे आली. तिच्यावर त्याच ठिकाणी, त्याच टोळीतल्या काहींनी, जुलैच्या अखेरीस बलात्कार केला होता आणि ती तोवर गप्प राहिली होती. तिच्या गप्प राहण्याचा दोष तिचा नाही. आपले म्हणणे कोण ऐकून घेईल आणि कोण उलटतपासणी घेईल, याचा अंदाज प्रत्येक मुलगी आपल्या भोवतीची बोलणी ऐकून बांधत असते. आपण ओसरीवर, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत बातम्यांवर जी मते देतो, ती ऐकणाऱ्यांत अशी एखादी मुलगी बसलेली असते.

आणखी एक प्रसंग आठवून पाहा. २००२ च्या गुजरातमधील सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडाचा खटला मुंबईत चालला आणि २००८ साली येथेच ११ जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांना मुदतीपूर्वी सोडले, तेव्हा त्यांचे पेढे भरवून, हार घालून स्वागत झाले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले. हार घालणारी माणसे बलात्काराला चांगले म्हणत नसतील; त्यांच्या लेखी ती बाई ‘आपली’ नव्हती, एवढेच पुरेसे होते. हीही एक अटच आहे आणि आपल्याकडे ती जातीच्या आणि धर्माच्या रेषेवरून चालते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या चर्चेत मी म्हणाले की सिनेमातली गाणी आणि पाठलाग यांमुळे मुलांना चुकीचे वळण लागते. मुले म्हणाली, सिनेमा पाहून कोणी गुन्हेगार होत नाही, आम्हीही तेच सिनेमे पाहतो. मला उत्तर सुचले नाही. तुम्ही काय सांगाल?
— विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमच्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चित्रपट पाहून उठला आणि गुन्हा केला, असे सरळ नाते कोणी सिद्ध केलेले नाही आणि तसे आपण म्हणूही नये. सिनेमा बदलतो ती पाहणाऱ्याची सहन करण्याची मर्यादा. १९८१ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात नील मॅलामुथ आणि जेम्स चेक यांनी एक प्रयोग केला. २७१ विद्यार्थ्यांपैकी काहींना, स्त्रीवर झालेल्या जबरदस्तीचा शेवट तिच्या सुखात होतो असे दाखवणारे चित्रपट पाहायला दिले आणि उरलेल्यांना तसे काही नसलेले चित्रपट दिले. काही दिवसांनी, चित्रपटांशी काही संबंध नाही असे भासवून, सर्वांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. पहिल्या गटातल्या मुलांमध्ये स्त्रियांवरील हिंसेला मान्यता देण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. मुलींमध्ये तसे झाले नाही. यातला कोणी मुलगा प्रेक्षागृहातून बाहेर पडून गुन्हेगार झाला, असे हा प्रयोग म्हणत नाही. पण उद्या हाच मुलगा पंच, पोलीस, वकील, वार्ताहर किंवा कोणाचा तरी भाऊ म्हणून एखाद्या मुलीची हकीकत ऐकणार असतो.

आपल्याकडचे एक नेहमीचे गाणे डोळ्यांसमोर आणा. नायक चार मित्रांसह मुलीची सायकल अडवतो. मुखड्यात ती रागावते, पहिल्या अंतऱ्यात तो तिची ओढणी ओढतो आणि मित्र टाळ्या पिटतात, दुसऱ्या अंतऱ्यात ती पाठ फिरवून चोरून हसते आणि तिसरा संपेपर्यंत ती त्याच्या बाहुपाशात असते. पाच मिनिटांत तिच्या तीन नकारांचे तीन होकार झालेले असतात. यात वाईट माणूस कोणी नाही. हे सगळे करणारा नायकच आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. खलनायकाचा बलात्कार पाहून प्रेक्षक त्याचा तिरस्कारच करतो. नायकाच्या पाठलागाकडून मात्र तो शिकतो की नकार ही एक पायरी आहे, चिकाटी ठेवली की ती ओलांडता येते.

मुलीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा आपल्या कायद्यात २०१३ साली आला. त्याआधीच्या सगळ्या पिढ्या या गाण्यांवर वाढल्या आणि त्या काळात कायद्याच्या पुस्तकातही या वागण्याला नाव नव्हते. आजही पहिल्या वेळचा पाठलाग जामीनपात्र आहे. १९९० साली उल्हासनगरात दहावीची परीक्षा देत असलेल्या मुलीला वर्गात घुसून जाळून मारले गेले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला कामावर जाताना भररस्त्यात पेटवले. आठवड्याने तिचा मृत्यू झाला आणि दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही घटनांचे वर्णन ‘एकतर्फी प्रेमातून’ असेच झाले. हिंगणघाटचा आरोपी विवाहित होता. नकार ऐकून मुलीला जिवंत जाळणाऱ्याच्या मनात होते त्याला प्रेम म्हणायचे असेल, तर तुमच्या वर्गातल्या मुलांना मी विचारीन की त्यांना स्वतःच्या मनातल्या प्रेमासाठी मग कोणता शब्द उरतो.

तुम्ही सिनेमावर बंदी मागू नका. मुलांना एवढेच करायला सांगा : पुढच्या वेळी असे गाणे लागले की आवाज बंद करून फक्त मुलीचा चेहरा आणि हात पाहा. संगीत गेले की उरते ते काय आहे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर आहे. पोलिसांकडून माहिती येते, संध्याकाळी सहापर्यंत बातमी द्यावी लागते. आम्ही नेमके काय चुकीचे लिहितो?
— वार्ताहर, हिंगोली जिल्हा

उत्तर : हा प्रश्न स्वतःहून विचारलात याचे मोल मला फार वाटते. पहिली गोष्ट कायद्याची. भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने पीडितेची ओळख उघड करण्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे आणि डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. तालुक्याच्या गावी ही गोष्ट शहरापेक्षा कितीतरी जास्त लागू पडते. ‘अमुक गावच्या आश्रमशाळेत नववीत शिकणारी, वडील वीटभट्टीवर कामाला’ एवढे छापले की पंचक्रोशीला घर कळते. नाव गाळल्याचे समाधान तुम्हाला मिळते, तिला त्याचा काहीच उपयोग होत नाही. मुलीचा मृत्यू झाला असेल तरी हाच नियम लागू आहे.

दुसरी गोष्ट वाक्याच्या रचनेची. ‘पार्टीहून परतणाऱ्या तरुणीवर अत्याचार’ या मथळ्यात अत्याचार करणारा कुठेच नाही. आहे ती तरुणी आणि तिची पार्टी. वाचणारा नकळत पार्टीला कारण समजतो. तोच मथळा ‘तरुणीवर अत्याचार, वाहनचालकाला अटक’ असा लिहिला तर जागा तेवढीच लागते आणि लक्ष योग्य माणसाकडे जाते. ‘अब्रू लुटली’ हे तर आता लिहूच नये. लूट झाली म्हणजे तिच्याकडचे काही कायमचे गेले, असे ते वाक्य त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना सांगते, आणि मग घरचे तक्रार मागे घ्यायला लावतात. बातमीसोबत दोन्ही हातांनी तोंड झाकून कोपऱ्यात बसलेल्या मुलीचे रेखाचित्र असते, तेही हाच अर्थ पोचवते : लाज तिची आहे.

तिसरी गोष्ट पोलिसांकडून मिळालेल्या कारणाची. २००६ साली भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची अमानुष हत्या झाली, त्यांत आई आणि मुलगी होती. सुरुवातीच्या काही बातम्यांत गावकऱ्यांच्या रागाचे कारण म्हणून अनैतिक संबंधांचा उल्लेख आला, आणि राज्यभर दलित समाज रस्त्यावर उतरेपर्यंत बहुतेक वृत्तपत्रांनी या घटनेकडे जातीय अत्याचार म्हणून पाहिलेच नाही. पोलीस ठाण्यातून मिळालेले एक कारण छापले की ते गावाचे मत होते आणि पुढे साक्षीदारांचेही होते. सहा वाजण्याची घाई मला समजते. कारण खात्रीने माहीत नसेल तेव्हा कारणाविना बातमी द्या. ती अपुरी दिसली तरी कोणावर अन्याय करणार नाही.

आणि शक्य असेल तर खटल्याच्या पुढच्या तारखांचीही बातमी द्या. पहिल्या दिवशी अर्धे पान आणि निकालाच्या दिवशी एकही ओळ नाही, यामुळे लोकांना वाटते की न्यायालयात काही होतच नाही. मग चकमकीत आरोपी मेला की पेढे वाटले जातात. बदलापूरच्या प्रकरणात तक्रार नोंदवायला पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. आरोपी चकमकीत मेल्याच्या आनंदात तो प्रश्न मागे पडला, आणि तो मागे पडू नये हे काम वार्ताहराचेच होते.

प्रश्न : माझी भाची १५ वर्षांची आहे. नात्यातल्याच एका माणसाने तिच्याशी दोनदा वाईट कृत्य केल्याचे तिने फक्त मला सांगितले. मी ताईला सांगितले तर ती आणि भावजी म्हणतात, घरातले घरात राहू दे, पुढे तिचे लग्न व्हायचे आहे. मी काय करू?
— एक मावशी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमच्या भाचीने सगळ्या घरातून तुम्हाला निवडले आहे. म्हणून सर्वांत आधी तिच्याशी बोला. तिच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे, यात तिची काहीही चूक नाही आणि यापुढे तो माणूस तिच्याजवळ एकटा येणार नाही, या तीन गोष्टी तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तिला पुन्हा पुन्हा सविस्तर सांगायला लावू नका. तिसरी गोष्ट आजच अमलात आणा, मग त्यासाठी तिला काही दिवस तुमच्या घरी न्यावे लागले तरी चालेल.

ताईंचा राग करू नका. त्या जे बोलल्या ते त्यांनी आयुष्यभर ऐकलेले आहे. पण त्यांना हे सांगा की मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यानुसार, ज्याला ज्याला अशी गोष्ट कळली आहे त्याने ती पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे तुम्हालाही लागू आहे आणि त्यांनाही. पुष्कळ घरांत या तरतुदीचा एक चांगला उपयोग होतो : ‘आम्ही तक्रार केली’ असे नातलगांसमोर म्हणणे ज्यांना जमत नाही, त्यांना ‘कायद्याने करावीच लागली’ असे म्हणता येते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करूनही सुरुवात होते, आणि आईवडिलांची संमती नसली तरी तुम्ही ती देऊ शकता. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना नोंदवायचा असतो. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टरने आणि तिच्या विश्वासातल्या माणसाच्या उपस्थितीत करायची असते. ती विश्वासातली व्यक्ती तुम्ही असू शकता. सरकारी किंवा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला तिच्यावर मोफत उपचार करावे लागतात. दोन बोटांची चाचणी कोणी करू लागले तर ठाम नकार द्या. घटना अलीकडची असेल तर कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा आणि गर्भधारणा टाळण्याच्या गोळीसाठी पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांकडे जा. घटनेला महिने उलटले असतील तरी तक्रार व्यर्थ जात नाही. अशा गुन्ह्यांत, विशेषतः आरोपी घरातला असताना, उशीर का होतो हे न्यायालये जाणतात.

खटला विशेष न्यायालयात, बंद दालनात चालतो आणि मुलीला आरोपीच्या समोर उभे केले जात नाही. बालकल्याण समितीकडे अर्ज करून तिच्यासाठी साहाय्यक व्यक्ती मागून घ्या. ती तपासापासून निकालापर्यंत सोबत राहते आणि पुढच्या तारखेची माहिती देते. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळते, त्याचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि तेथेच विनामूल्य वकीलही मिळतो. जिल्ह्यातल्या ‘सखी’ केंद्रात समुपदेशनाची सोय असते. मुंबईत नातलग असतील आणि तिला तिकडे नेणे सोयीचे असेल, तर महापालिकेच्या रुग्णालयांतील ‘दिलासा’ केंद्रे गेली पंचवीस वर्षे हेच काम करत आहेत.

पुढे कोणी तडजोडीचा निरोप आणील, माफी मागायला लावू म्हणेल, पैसे देऊ करील. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जामिनासाठी पीडितेकडून राखी बांधून घेण्याची एका उच्च न्यायालयाची अट रद्द करताना, अशा गुन्ह्यांत न्यायालयांनीही तडजोड सुचवू नये असे बजावले आहे. जे न्यायाधीशांना करता येत नाही ते तुमच्या भावकीला करता येणार नाही, असे त्या माणसाला सांगा आणि त्याचा निरोप तपास अधिकाऱ्यांच्या कानावर लेखी घाला.